पाजताना लोटलेलं दार

बाळ अंगावर पिताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात नाही. खरोखर, हातभर अंतरावरून, बाळाच्या ओठांकडे बघत?

आमच्या घरात ते कोणीही पाहिलं नव्हतं. तान्ह्या जुईवर जीव टाकणारी तीन मोठी माणसं एका छताखाली होती. मी, माझा नवरा समीर आणि त्याची आई, जिला आम्ही सगळे माई म्हणतो. तिघांच्या डोळ्यांसमोर ती उपाशी राहत होती आणि आम्ही एकमेकांना सांगत होतो की पोर किती शांत आहे. तुमच्या घरात, शेजारात, नात्यात आत्ता असंच एखादं शांत बाळ झोपलेलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलं आहे.

लसीचा दिवस

आम्ही चंदीगडला, मनीमाजऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. समीर मोहालीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जुई गेल्या डिसेंबरात जन्मली, थोडी लवकर आणि चणीने लहान. माझी आई बाळंतपणाला येऊन पाचवी झाल्यावर परत गेली आणि इस्लामपूरहून माई आल्या.

लसीच्या दिवशी बाहेर धुकं होतं. हीटरपुढे आम्ही जुईचे कपडे एकेक करून उतरवले आणि नर्सने तिला काट्यावर ठेवलं. मग उचलून परत ठेवलं. मला वाटलं, बाळ हललं असेल.

डॉक्टरबाईंनी मात्र आकडा बघून जुईची मांडी दोन बोटांत धरली. कातडी सैल होती, आजीच्या दंडासारखी. त्यांनी विचारलं, रडते का? मी कौतुकाने सांगितलं, अजिबात नाही, खूप शहाणी आहे, झोपूनच असते. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भूखा बच्चा पहले रोता है. फिर थक जाता है."

वजन जन्माच्या वेळी होतं त्याहूनही खाली गेलं होतं. मग त्यांनी तो शब्द उच्चारला. कुपोषित.

हा शब्द माझ्या ओळखीचा होता. फारच ओळखीचा. माझ्या बाबांचा शिरपूरला छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका छापून पोट भरायचं आणि पत्रकं छापून मन, असा त्यांचा व्यवहार. कुपोषणावरची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी असायची. अक्षरओळख होण्याआधी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले, आणि कॉलेजात असताना स्वतः लिहायलाही लागले. 'आईचं दूध, बाळाचा हक्क' या मथळ्याचं एक पत्रक माझं आहे. त्या पत्रकांत कुपोषण पाड्यांवर असायचं, डोंगरापलीकडे असायचं, सरकारच्या दारात असायचं. ज्या घराच्या फ्रिजवर डिंकाच्या लाडवांचा डबा आहे तिथे ते कधी नसायचं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मी बाबांना फोन केला. म्हणाले, "कुपोषण? कुणाचं?" त्यांना वाटलं, मला नवं पत्रक लिहायचं आहे.

मी म्हटलं, "जुईचं, बाबा." पलीकडे छपाईचा आवाज चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

शत्रू सापडतो

डॉक्टरबाईंनी दोनतीन गोष्टी सांगितल्या होत्या. अंगावरच्या दुधाखेरीज तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्या एक बाई त्यांच्या दवाखान्यातून घरी येतील. आठवड्याने पुन्हा वजन. ते वाढलं नाही तर जुईला भरती करून घ्यायचं आणि गरज पडली तर वरचं दूध द्यायचं. त्यात कमीपणा नाही, हेही त्या म्हणाल्या, पण ते तेव्हा मला ऐकूच आलं नाही. मला फक्त 'भरती' ऐकू आलं. एवढ्याशा हातात सुई कुठे टोचणार, हा विचार घरी पोचेपर्यंत सुटला नाही.

पत्रकांवर वाढलेल्या मुलीला संकट आलं की आधी शत्रू लागतो. तो मला ऑटोतून उतरता उतरताच सापडला. माईंची बाळगुटी. सहाण आणि मुरडशेंग-वेखंड-जायफळाची पुरचुंडी त्यांनी रेल्वेत मांडीवर धरून आणली होती. रोज अंघोळ, शेक, धुरी, मग गुटीचे वेढे, मग झोप. स्वयंपाकघरात उभं राहून मी त्यांना सुनावलं. अंधश्रद्धा, अशास्त्रीय, बाळाला झोपवून ठेवायचे धंदे. सगळी वाक्यं छापायला तयार होती.

माईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझी दोन पोरं ह्याच सहाणेवर वाढली, मुक्ता. त्यातलं एक तू नवरा करून घेतलंस."

समीर म्हणाला, "यार, तुम्ही दोघी आत्ता भांडणार आहात का?" आणि त्याने सहाण ओट्याखालच्या कप्प्यात, प्रेशर कुकरच्या मागे, ठेवून दिली. गुटी बंद झाली. ती बंद व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. माई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जुई मात्र होती तशीच होती. शत्रू पडला होता आणि लढाई जागच्या जागी होती.

हरप्रीत

मार्गदर्शनाच्या बाई ज्या दिवशी यायच्या होत्या त्या दिवशी धुकं इतकं होतं की समोरचा गुरुद्वारा दिसत नव्हता. बाई गल्ली चुकल्या, दोनदा फोन करून मलाच रागावल्या आणि वर आल्यावर आधी चहा मागितला. हरप्रीत त्यांचं नाव. चाळिशीच्या, पूर्वी प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होत्या, आता हेच काम करतात. आवाज मोठा, हात गरम. पिशवीत बाळाचा काटा होता. त्यावर जुईला ठेवलं. आकडा लसीच्या दिवसापासून जिथे होता तिथेच उभा होता.

"चलो जी, पिलाओ," त्या पलंगावर मांडी घालत म्हणाल्या.

आणि मग जे रोज व्हायचं तेच झालं. समीर कपबशा घेऊन बाहेर गेला. माई उठल्या, माझ्या खांद्यावर शाल टाकली, बाहेर गेल्या आणि दार लोटून घेतलं.

हरप्रीतनी त्या दाराकडे बघितलं. ही मंडळी कुठे गेली, असं विचारलं. मी म्हटलं, बाहेर, आमच्याकडे असंच असतं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. पाजताना तुम्हाला आजवर कोणी बघितलंय?

मी आठवत बसले. प्रसूतीनंतर एका नर्सने घाईघाईत बाळाला एकदा छातीशी लावून दिलं होतं. त्यानंतर माझ्या आईनेही दार लोटलं होतं, समीरनेही, माईंनीही. लाडू आत यायचे, खारकेची खीर आत यायची, सल्ले आत यायचे. नजर आत येत नव्हती.

याची कारणं आमची प्रत्येकाची वेगळी. माझ्या माहेरी बाईच्या खासगीपणाला फार मान. दोन खोल्यांच्या घरात बाबांनी आईसाठी पडदा लावला होता आणि तो ओलांडायची कोणाची हिंमत नव्हती. बंद दार हा मी माझा हक्क समजत होते. माईंच्या मते पाजताना बाळाकडे बघितलं की दृष्ट लागते, सख्ख्या आजीचीसुद्धा. एक कारण पुरोगामी आणि एक दृष्ट लागायचं. दार एकच. आयुष्यात पहिल्यांदा मी आणि माई कोणत्याही वादाशिवाय एका बाजूला होतो, आणि नेमक्या तिथेच चुकत होतो.

हरप्रीतनी माईंना हाक मारली. माई उंबऱ्यावर थांबल्या. पिताना बघू नये म्हणाल्या. मी हिंदीत सांगायच्या आधीच हरप्रीतना ते कळलं होतं. बहुधा पंजाबीतही हे वाक्य असंच आहे.

"माताजी, नज़र लगनी थी तो मेरी लग चुकी. अब आप भी देख लो."

माई आत आल्या. त्यांनी आयुष्यभर इस्लामपुरात ब्लाउज शिवले आहेत. काहीही नीट बघायचं असेल तर त्या चष्मा काढून पुसतात, परत घालतात आणि मग वाकतात. तशाच वाकल्या. शाल बाजूला झाली. शालीच्या आडोशाला इतके आठवडे काय चाललं होतं, ते पहिल्यांदा कोणीतरी बघत होतं.

जुईच्या तोंडात फक्त टोक होतं. ओठ आत मुडपलेले, गालाला खळ्या पडत होत्या. त्या खळ्यांचे मी फोटो काढले होते. चारदोनदा ओढून ती दमायची आणि झोपायची, आणि पोट भरलं असं समजून मी तिला खाली ठेवायचे. मला चिरा पडल्या होत्या. प्रत्येक वेळी पायाचे अंगठे आवळून मी बसायचे. पण दुखणारच, सगळ्यांनाच दुखतं, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी ते कोणाला बोलले नव्हते.

मग माई बोलल्या. इतक्या दिवसांत मला उद्देशून पहिल्यांदा.

"बाही उलटी लागलीय गं. कापडं दोन्ही बरोबर आहेत. लागलीय उलटी."

हे मी हरप्रीतना सांगितलं तेव्हा त्या एवढ्या हसल्या की जुई दचकली.

रडू

सगळं तिथल्या तिथे सुटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. हरप्रीतनी सांगितलेली पहिली पद्धत, बाळाला आडवं, पोटाला पोट लावून धरायची, जुईला अजिबात पटली नाही. ती ताठ झाली, लाल झाली आणि रडली. मोठ्याने, घसा ताणून. समीर धावत आला आणि दारातच थांबला. कित्येक दिवसांत आम्ही हा आवाज ऐकला नव्हता. रडण्याइतकी ताकद अजून तिच्यात आहे, हे कळून आम्ही तिघंही मूर्खासारखे हसत होतो.

मग माझ्या कुशीला उशी लावून, जुईला बगलेतून, पाय माझ्या पाठीकडे करून धरलं. मी वाकायचं नाही, बाळाला वर आणायचं. तिने मोठा आ करेपर्यंत थांबायचं आणि मग खालच्या बाजूने जास्तीत जास्त आत द्यायचं, हनुवटी छातीला टेकेल असं. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. पुढच्या खेपेला मला दुखलं नाही. न दुखणं इतकं नवीन होतं की मला वाटलं, पुन्हा चुकलंच.

"गिळलं," माई म्हणाल्या. त्यांनी तो घोटाचा आवाज माझ्या आधी ऐकला.

निघताना हरप्रीतनी सांगितलं की त्या जवळच्या मुल्लानपूरला बांधकामावरच्या बायकांकडेही जातात. तिथे बाळ पिताना बघायला चार जणी असतात, पण पाजायला वेळ नसतो, लगेच कामावर जावं लागतं. "आपके पास टाइम है, देखने वाला कोई नहीं." हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. चप्पल घालता घालता म्हटलं होतं.

आठवडा

जुईला ठरावीक वेळाने उठवायचं. ती उठायची नाही. मग दुलई काढायची, तळपाय चोळायचे, कान ओले करायचे. पाजायचं. मग हाताने दूध काढून वाटीत घ्यायचं आणि चमच्याने तिला पाजायचं. मग वाटी-चमचा उकळायचे. तोवर पुढची वेळ व्हायची. वाटी-चमच्याचं खातं समीरने घेतलं. ऑफिसचे कॉल तो स्वयंपाकघरात पातेल्यासमोर उभा राहून घ्यायचा. एकदा त्याच्या साहेबांनी विचारलं की मागे कसला खदखद आवाज येतोय, तर हा म्हणाला, सर, डिप्लॉयमेंट चालू आहे.

पण भीती होतीच. ओलं दुपटं हातात आलं की जीव भांड्यात पडायचा. कोरडं आलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो. समीर एकदा म्हणाला की सरळ भरती करूया, इथे आपण प्रयोग करतोय का? मी त्याला फार लागेल असं बोलले. त्याचा माझ्यावर अविश्वास नव्हता, त्याला भीती वाटत होती. मलाही. आम्ही दोघं ते एकाच वेळी कबूल करत नव्हतो, एवढंच.

आणि तो प्रश्न. दूध येतंय ना पुरेसं? घरमालकीण आंटी बाळंतिणीसाठी केलेल्या पंजिरीचा डबा घेऊन आल्या, तेव्हा तोच. नागपूरहून आत्या फोनवर, तेव्हा तोच. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण हा प्रश्न ज्या बाईला दिवसातून पाच जण विचारतात, तिला आपलं शरीर हे नापास झालेलं काहीतरी वाटायला लागतं. माईंनी यावर उपाय काढला. त्या दारात उभ्या राहायच्या आणि त्यांना येणारं एकमेव हिंदी वाक्य म्हणायच्या. "बेबी सो रही है." आंटी आल्या तरी, दूधवाला आला तरी, मीटर बघायला माणूस आला तरी. बेबी त्या वेळी आत बोंबलत असायची.

बाकीचा वेळ त्या माझ्याजवळ वेताच्या मोढ्यावर बसायच्या. प्रत्येक वेळी. ओठ बाहेर आलेत का बघायच्या, माझा खांदा खाली दाबायच्या.

एका दुपारी ऊन पडलं म्हणून आम्ही गच्चीत बसलो होतो. जुई पीत होती. माई बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "समीरच्या आधी एक मुलगी झाली होती मला."

हे समीरलाही माहीत नव्हतं.

"शांत होती," माई म्हणाल्या. "लई शांत. सगळे म्हणायचे, नशीब काढलंस."

दोन महिन्यांची होऊन ती गेली. लोक म्हणाले, दृष्ट लागली. म्हणून पुढच्या दोघांच्या वेळी माईंनी दाराला आतून कडीच घातली. ती का गेली ते आज कोणी सांगू शकणार नाही, मीही सांगणार नाही. माईंनी मला फक्त एवढंच विचारलं की जुईच्या गालाला पडायच्या तशा खळ्या सगळ्याच बाळांना पडतात का. त्यांनी माझा खांदा खाली दाबला. मी पुन्हा वाकले होते.

काटा

ठरलेल्या दिवशी दवाखान्यात माईही आल्या. नर्सने जुईला काट्यावर ठेवलं आणि आकडा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ आम्ही तिघंही श्वास धरून उभे होतो. वाढलं होतं. फार नाही. एखाद्या पेरूएवढं, असं नर्स म्हणाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, भरतीची गरज नाही, असंच चालू ठेवा, हरप्रीत येत राहतील. माईंनी मला कोपराने ढोसून विचारायला सांगितलं की पेरू लहान की मोठा. मी विचारलं नाही, स्वतःच सांगितलं, मोठा.

बाकावर शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. तिच्या बाळाचं वजन वाढलं नव्हतं आणि त्याला अंगावरच्या दुधाबरोबर वरचंही द्यायचं ठरलं होतं. ती असं रडत होती जणू तिने काही गुन्हा केला आहे. माझं ते कॉलेजातलं पत्रक मला तेव्हा शब्द न् शब्द आठवलं. 'आईचं दूध, बाळाचा हक्क.' त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण हक्क बाळाचा, आणि तो पुरा करायची जबाबदारी एकट्या आईची, बंद दाराआड, असं ते पत्रक होतं. तिच्याजवळ कोणी बसावं हा तिचा हक्क आहे, असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. घरी येऊन बघणारी हरप्रीत मला मिळाली ती नशिबाने, त्या दवाखान्यात ती सोय होती म्हणून. ती प्रत्येक बाळंतिणीला मिळायला हवी, आणि ती नशिबाची बाब असू नये. हे मी आता लिहिते आहे. बाबा छापतील.

त्या मुलीला मी जमेल तसं हिंदीत सांगितलं की तू हरलेली नाहीस. बाळाचं पोट भरलं पाहिजे, ते जसं भरेल तसं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, तुम्हाला पण दुखायचं का? मला तोपर्यंत हे कोणीच विचारलं नव्हतं.

जुई आता पालथी पडून समीरच्या लॅपटॉपची वायर चावते. शांत अजिबात नाही. माई इस्लामपूरला परतल्या. सहाण मात्र कुकरच्या मागेच आहे. नेता का विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, बदाम उगाळायला होईल, ती मोठी झाल्यावर.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या ओळखीत नुकती बाळंत झालेली एक तरी बाई असेल. या आठवड्यात तिच्याकडे जा. दूध येतंय का, हे विचारू नका. दुखतंय का, हे विचारा. बाळाचं शेवटचं वजन कधी केलं, हे विचारा. ते वाढत नसेल किंवा बाळ नुसतंच झोपून असेल, तर थांबू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि पाजताना बघून शिकवणारं कोणी तिथे आहे का, याची चौकशी तुम्ही करा, तिला करायला लावू नका. आणि ती पाजायला बसली की सवयीने उठून दार लोटाल, त्याआधी एकदा तिला विचारा, "मी थांबू का?" ती नको म्हणाली तर बाहेर जाऊन तिची भांडी घासा. हो म्हणाली, तर चष्मा पुसा आणि नीट बघा.